पहिल्या दाताची टिकली

शेजाऱ्याच्या घरात नवी वस्तू आली की आपल्या घरातली भाकरी कडू लागते, हे आपण सगळेच जाणतो; कबूल मात्र कोणी करत नाही. मुंजाजीच्या घरात त्या सकाळी नेमकं तेच झालं.

दगडाबाईने ज्वारीची गरम भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा नवऱ्यापुढे ठेवला होता. पहिला घास तोंडात गेला आणि आप्पारावांच्या शिवारातून आवाज उठला. घर्रर्र... मग एक मोठी, लांबलचक किंकाळी, आणि पाठोपाठ झाड आडवं झाल्याचा धप्प आवाज.

"गहिनीनाथाची मशीन लागली वाटतं," दगडाबाई सहज बोलून गेली.

"मला काय कान न्हाईत?" मुंजाजी खेकसला. घास तोंडातच फिरत राहिला.

चौसाळ्याच्या अलीकडच्या त्या गावात तीस वर्षं झाडं तोडावीत ती मुंजाजीनेच. लग्नाच्या जेवणावळीचं सरपण असो, वादळात वाटेवर पडलेली बाभूळ असो, लोक म्हणत, "बोलवा मुंजाजीला." त्याची कुऱ्हाड दगडावर घासून इतकी लखलखीत असे की तिच्यात तोंड बघून कुंकू लावावं. आणि आता? आता गहिनीनाथ.

गहिनीनाथ परका असता तर एक वेळ चाललं असतं. पण तो मुंजाजीचा साडभाऊ, दगडाबाईच्या धाकट्या बहिणीचा, वत्सलाबाईचा नवरा. साडू-साडूंमधली चुरस काही नवी नाही. एकाच सासऱ्याच्या घरी दोघांची ताटं शेजारी मांडली जातात आणि कोणाच्या ताटात तूप जास्त वाढलं, ते दोघेही तिरक्या नजरेने बघत असतात. गहिनीनाथ तीन वर्षं माजलगावकडे रस्त्याच्या कामावर झाडं काढणाऱ्या टोळीत होता. तिथेच तो पात्याभोवती दातेरी चेन फिरणारी, झाडं कापायची मशीन चालवायला शिकला आणि परत आला तो स्वतःची कोरी मशीन घेऊनच. डोक्यावर नारिंगी टोप, टोपाला तोंडापुढे जाळी, कानांवर वाट्या, मांड्यांवर जाड कापडाचं आवरण, हातमोजे, पायात बूट.

"सजवलेला नंदीबैल चाललाय बघा," मुंजाजी पारावर बसून म्हणायचा. लोक हसायचे. पण काम निघालं की त्याच नंदीबैलाकडे जायचे.

एक गोष्ट मुंजाजीला फार लागली होती. आप्पाराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार. त्यांच्या ओसरीच्या पायरीवर मुंजाजी तीस वर्षं स्टीलच्या पेल्यात चहा पीत आला होता. परवा त्याने पाहिलं, गहिनीनाथ ओसरीवर खुर्चीत बसला होता आणि हातात कपबशी होती! त्या रात्री मुंजाजीला झोप लागली नाही. कप तर कप, बशीसुद्धा?

आठ दिवसांत त्याने दोन शेळ्या विकल्या आणि माजलगावच्या एका माणसाकडून जुनी मशीन उचलून आणली. 

"हिचं पुस्तक व्हतं, हारपलं," विकणारा म्हणाला होता.

"पुस्तक कशाला लागतंय? कुऱ्हाडीसंगं कधी पुस्तक आलतं का?" असं म्हणून मुंजाजी स्वतःच हसला होता.

पण मशीन काही कुऱ्हाडीसारखी ऐकेना. गहिनीनाथाच्या मशीनखालून नखाएवढ्या ढलप्या भराभरा उडत; मुंजाजीच्या मशीनखालून पिठासारखा भुसा गळे आणि धूर निघे. गहिनीनाथ नुसतं पातं टेकवी आणि लाकूड लोण्यासारखं कापलं जाई. मुंजाजीला अंगातलं सगळं बळ लावून मशीन दाबावी लागे. त्यात आणखी एक अपमान. पुढच्या मुठीसमोर एक काळा दांडा होता. जोर लावताना मनगट त्याला लागलं की तो खट्कन पुढे पडे आणि चेन जागच्या जागी थांबे. इंजिन बोंबलतंय आणि चेन हलत नाही!

"मुंजाजी, मशीन रुसली बे तुझी! मनव तिला!" उत्तरेश्वर पारावरून ओरडायचा. उत्तरेश्वर म्हणजे मांजरसुंब्याच्या एका ढाब्याला सरपण पुरवणारा त्याचा जुना मित्र. पण जुना मित्रही हसला की दुप्पट लागतं.

"असं कावून व्हतंय ते गहिनीनाथाला इचारा की," दगडाबाई म्हणाली.

"त्याला? त्याच्यापुढं हात पसरू? उद्या सासऱ्याच्या घरी तो वरच्या पाटावर बसंल अन् मी खालच्या!"

"पाट एकाच उंचीचे असतात तिथं."

"तू गप बैस."

विचारणं जमेना, पण बघणं तर चुकेना. हेवा माणसाला असा पायांनी चालवत नेतो. एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, मुंजाजी कामाशिवाय गहिनीनाथाच्या घरामागून चालला. परसाला तुराट्यांचा कूड होता. त्याच्या फटीला त्याने डोळा लावला.

परसात एका ओंडक्यावर मशीन घट्ट बसवलेली होती. गहिनीनाथ बाजूला बसून जुन्या दात घासायच्या ब्रशने कुठलासा भाग साफ करत होता. पाटावर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पुस्तक उघडं होतं, पोथी ठेवावी तसं. आणि मशीनपुढे मांडी घालून बसली होती वत्सलाबाई! तिने फडक्याने चेनचा एक दात पुसला. मग कपाळावरची लाल टिकली काढली आणि त्या दातावर चिकटवली. हातात काहीतरी बारीक लोखंडी घेऊन ती पुढे वाकली आणि तिचे ओठ हलू लागले. एका लयीत, थांबून थांबून, काहीतरी पुटपुटत.

मुंजाजीच्या अंगावर काटा आला. तरीच! तरीच याची मशीन अशी पळते! बाईने कपाळीचं सौभाग्य मशीनला वाहिलंय आणि मंत्र घातलाय. तोडगा! नाहीतर या शेंबड्या गहिनीनाथात असं काय आहे जे आपल्यात नाही?

तो आला तसाच पाय न वाजवता परतला. पाच मिनिटं आणखी उभा राहिला असता तर बरं झालं असतं. पण हेव्याला अर्धंच दिसतं, आणि अर्धं दिसलं की त्याचं पोट भरतं.

खंडेनवमी तोंडावर आली होती. या दिवशी आपल्याकडे विळा, कुऱ्हाड, नांगर, पांभर, सगळ्या हत्यारांना पुसून, पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात. मुंजाजी चार दिवस आधीच रस्त्याकडेला बसणाऱ्या, गंडे-दोरे देणाऱ्या एका बाबाकडे जाऊन आला. बाबाने काळा दोरा दिला, त्यात बिब्बा ओवून दिला.

"जिथं हात धरतोस तिथं सात वेढे दे," बाबा म्हणाला. "कोणाची नजर लागायची न्हाई."

खंडेनवमीला मुंजाजीने मशीनवर एवढं कुंकू ओतलं की तिचा मूळ रंग दिसेना. चेनच्या दोन दातांमध्ये झेंडू खोवला. लिंबू-मिरची लटकवली. आणि पुढची मूठ आणि तो काळा दांडा, दोन्ही एकत्र धरून काळ्या दोऱ्याचे सात वेढे करकचून आवळले. लोकांची नजर लागू नये म्हणून! दुसऱ्याच्या परसात चोरून डोळा लावणाऱ्या माणसाने!

आणि नवल असं की दोरा लागू पडला. दुसऱ्या दिवसापासून मशीन एकदाही रुसली नाही. मनगट कितीही दाबा, काळा दांडा जागचा हलला नाही, चेन थांबली नाही. मुंजाजीची छाती फुगली.

"बघितलंस?" तो दगडाबाईला म्हणाला. "मंतर काय तुझ्या बहिणीलाच येतो व्हय?"

"वच्छीला कसला मंतर येतोय?"

"तुला न्हाई कळायचं."

पारावर गहिनीनाथाची नजर त्या दोऱ्यावर गेली, तेव्हा तो चटकन जवळ आला होता. तसा तो फार बोलणारा नव्हता. "भाऊ, राग मानू नका. त्यो दोरा तेवढा दुसरीकडं बांधा. त्यो दांडा मोकळा पाहिजे, त्यो म्हणजी..."

"आला! आलं पोटात दुखू!" मुंजाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "माझी मशीन रुसत व्हती तवा का न्हाई आलास सांगायला? आता चालायलीय तर दोरा सोड म्हणतोय!"

लोक हसले. गहिनीनाथ खाली मान घालून निघून गेला. मुंजाजीला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दिवाळी झाली. आप्पारावांच्या गोठ्याशेजारी एक मोठा कडुलिंब वाळून गेला होता. तो गोठ्यावर झुकला होता आणि एका अंगाने विजेची तार गेली होती. पाडायची परवानगी आप्पारावांनी रीतसर काढून ठेवली होती आणि काम गहिनीनाथाला सांगितलं होतं. गहिनीनाथाने झाडाभोवती तीन चकरा मारल्या, वर पाहिलं, वारा पाहिला आणि मान हलवली.

"मालक, आज न्हाई. आधी तार बंद करून घ्यावी लागंल, मी वायरमनला गाठतो. वारं बी गोठ्याकडं हाय. दोन रोज थांबा."

"अरे, परवा संस्कृतीला बघायला पाव्हणे यायलेत!" आप्पाराव चिडले. संस्कृती ही त्यांची लेक. "दारात वाळलेलं झाड दाखवू व्हय त्यांना? मशीन घेतलीस ती दोन रोज थांबायला?"

"गडबडीत न्हाई पाडणार, मालक. माफ करा."

हे बोलणं तासाभरात पारावर पोचलं. मुंजाजी ताडकन उठला. तीस वर्षं ज्या पायरीवर बसला, ती पायरी परत मिळवायची हीच वेळ होती! घरी जाऊन त्याने मशीन उचलली, दगडाबाईला म्हणाला, "दोर घे अन् चल," आणि थेट आप्पारावांपुढे उभा राहिला.

"मालक, लिंब आज पाडून देतो. आत्ता!"

आप्पारावांनी त्याच्याकडे, मशीनकडे पाहिलं. क्षणभर घुटमळले. पण पाहुणे डोळ्यांपुढे होते. "पाड. हे काम नीट केलंस तर बांधावरची सगळी सुबाभूळ यंदा तुझ्याकडं."

सगळी सुबाभूळ! म्हणजे पुढचे चार महिने गहिनीनाथाची मशीन गप्प आणि आपली बोलणार. आणि ओसरीवर बसवून चहा. कपबशीत.

दगडाबाई झाडाकडे पाहून म्हणाली, "अहो, हे लई झुकलंय. अन् ती तार..."

"आधी खालच्या फांद्या काढतो, मग बुंध्याला बघू. तू ह्या फांदीला दोर लाव अन् माझ्या मागं उभी राहून वढ. फांदी गोठ्यावर जाऊ द्यायची न्हाई."

"किती मागं?"

"मागं म्हणजे मागं! हितंच!"

दोराचं एक टोक फांदीला, दुसरं दगडाबाईच्या हातात, आणि नवरा-बायकोत दोन हातांचं अंतर. मुंजाजीच्या डोक्याला रुमाल, अंगात सदरा-धोतर, पायात वहाणा. तोंडापुढे जाळी नव्हती. जाळी म्हणजे नंदीबैलाचं बाशिंग! फांदी त्याच्या डोक्याच्या उंचीवर होती. त्याने मशीन खांद्याच्या वर उचलली आणि कापायला लागला. चेन बोथट, ती लाकडात शिरेना. धूर निघाला, भुसा डोळ्यांत गेला. डोळे मिटून त्याने आणखी जोर लावला. पात्याचं टोक पलीकडे आलं आणि मागच्या दुसऱ्या फांदीला जाऊन लागलं.

पुढचं जे झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. मशीनने उसळी मारली! फिरत्या चेनसकट पातं उलटं त्याच्याच तोंडाकडे आलं. मनगट काळ्या दांड्यावर आदळलं, पण सात वेढ्यांनी आवळलेला दांडा हलला नाही. चेन थांबली नाही. मुंजाजीने मान कशी फिरवली ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पातं रुमाल फाडत गेलं आणि डाव्या खांद्यात उतरलं.

हात सुटले. मशीन मागे पडली, ती दगडाबाईच्या पायांपाशी. आणि बोटं सुटली तरी त्या जुन्या मशीनची चेन फिरतच राहिली! लुगड्याचा काठ तिने पकडला आणि खेचायला सुरुवात केली.

"आग माय!" दगडाबाई मागे पडली.

"दूर! हात लावू नका कुणी!"

गहिनीनाथ धावत आला होता. वायरमनला घेऊन तो नुकताच गोठ्यापाशी पोचला होता. त्याने बुटाचा पाय मशीनच्या मागच्या मुठीवर दिला आणि अंगठ्याने बटण पाडलं. आवाज थांबला. एकाएकी इतकं शांत झालं की गोठ्यातल्या म्हशीचा रवंथ ऐकू येऊ लागला. दगडाबाईच्या पायापासून चेन चार बोटांवर थांबली होती.

मग त्याने पाठीवरच्या पिशवीतून स्वच्छ कापडाची घडी काढली, मुंजाजीच्या खांद्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. "मालक, गाडी काढा. भाऊ, माझ्याकडं बघा. डोळं मिटायचं न्हाई."

बीडच्या दवाखान्यापर्यंत, सगळ्या वाटेत, त्या हातांचा दाब कमी झाला नाही. मुंजाजी त्या हातांकडे बघत होता. त्या क्षणीसुद्धा, खरं सांगायचं तर, त्याच्या मनात आलं: हे हात असे का नाहीत माझे?

खांद्याला एकवीस टाके पडले. डॉक्टर म्हणाले, "दोन बोटं वर लागलं असतं तर मान होती."

पाचव्या दिवशी मुंजाजी घरी बाजेवर पडून होता. वत्सलाबाई बहिणीकडे आमटी घेऊन आली, मागून गहिनीनाथ आला. त्याच्या एका हातात मुंजाजीची मशीन होती, दुसऱ्यात तो कापलेला काळा दोरा. दोन्ही त्याने खाली ठेवलं.

मुंजाजी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "वत्सला, एक इचारू? खरं सांगशील?"

"इचारा की, दाजी."

"तू कंचा मंतर घालतीस मशीनला? म्या बघितलंय. टिकली लावलीस दाताला. व्हट हालत व्हते तुझे. तुझा मंतर भारी पडला अन् माझा दोरा फुका गेला, हे मला समजलंय. पर कंचा मंतर ते तरी सांग."

वत्सलाबाई आधी बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी आलं.

"मंतर! अवो दाजी, चेनला किती दात असतात! एकेका दाताला कानशीनं तीन तीन येळा घासायचं. एकाला कमी, एकाला जास्त झालं की चेन वाकडी कापती. कुठून सुरू केलं ते ध्यानात ऱ्हावं म्हणून पहिल्या दाताला टिकली लावती मी! फिरून टिकली आली की समजायचं झालं. अन् व्हट हालत व्हते ते मोजत व्हते. एक, दोन, तीन... एक, दोन, तीन... एवढाच माझा मंतर!"

"मग ती टिकली..."

"परत कपाळाला लावती! नवी कशाला खराब करू?"

दगडाबाईने पदर तोंडाला लावला. गहिनीनाथही खाली बघून हसला. मुंजाजी मात्र हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेल्यासारखी दिसली.

"अन् त्यो दांडा?" त्याने हळूच विचारलं.

गहिनीनाथ म्हणाला, "ब्रेक हाय त्यो, भाऊ. पातं उसळलं की मनगट त्याच्यावर आपटतं, दांडा पुढं पडतो अन् चेन जाग्यावर थांबती. तुमची मशीन रुसत न्हवती. बोथट चेनवर तुमी लई जोर लावत व्हता म्हणून मनगट लागत व्हतं, अन् ती तुमाला सांगत व्हती की थांबा, काहीतरी चुकतंय. तुमी तिचं तोंडच बांधलं."

"पारावर सांगायला आलतास तू."

"आलतो."

"अन् म्या तुला हसलो."

गहिनीनाथाने मशीनवरचा भुसा हाताने झटकला. बोलली ती वत्सलाबाई. ती सातवीपर्यंत शिकली होती, आणि आता तिचा आवाज चढला.

"दाजी, वाईट वाटंल तर वाटू द्या. नजर लागू नये म्हणून दोरा बांधला तुमी. कोणाची नजर? तुमचीच नजर फिरत व्हती गावभर! आमचा टोप बघितला, बूट बघितले, कपबशी बघितली. माझी टिकलीसुद्धा बघितली. पर माझ्या हातातली कानस न्हाई दिसली तुमाला! रोज सांजच्याला दोघं मिळून तासभर ती मशीन पुसतो, चेनची वढ बघतो, तेल बघतो, सकाळी पहिल्यांदा ब्रेक लागतो का ते बघूनच काम सुरू करतो. ते कुणाला दिसत न्हाई. हेवा करायचाच व्हता तर त्या तासाचा करायचा! तो फुकट व्हता, दाजी. तुमी मागितला असता तर दिला असता."

"वच्छे, पुरे," दगडाबाई म्हणाली.

"न्हाई, आक्का, बोलू दे. चार बोटांवर व्हता तुझा पाय! पाय गेला असता तर दाजींनी काय दोरा बांधला असता? खंडेनवमी आपल्या म्हाताऱ्यांनी कशाला लावली? हत्यारं पुसायला, धार बघायला, सैल झालेला दांडा ठोकायला. आधी सफाई, मागून कुंकू. आपण पुसणं सोडलं अन् कुंकू तेवढं ठेवलं!"

मुंजाजीने बाजेवर उठून बसायचा प्रयत्न केला. टाके ओढले गेले. त्याने उजवा हात पुढे केला आणि जमिनीवरचा काळा दोरा उचलला. क्षणभर तो बोटांत फिरवला आणि चुलीच्या दिशेने भिरकावला. तो चुलीत पडला नाही, अलीकडेच पडला. दगडाबाईने उठून तो आत टाकला.

"खरं हाय," मुंजाजी म्हणाला. "खरं हाय, पोरी! म्या बायकूला मशीनच्या तोंडापाशी उभी केली, एका कपबशीपायी!"

दगडाबाईने तीस वर्षांत नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. त्याला लाज वाटू नये म्हणून तिने तोंड फिरवलं.

"गहिनीनाथ, तुझ्या त्या पोथीत काय काय हाय?"

"पुस्तकात? सगळंच हाय, भाऊ."

"मला वाचता येतं थोडं, पर बारीक अक्षर दिसत न्हाई. वत्सला, उद्या घेऊन येशील? पहिल्या पानापासून वाच."

लिंब पडला तो पुढच्या महिन्यात, पाहुणे येऊन गेल्यावर. वाळलेलं झाड पाहूनही त्यांनी संस्कृतीला पसंत केलं होतं. आप्पारावांनी स्वतः वायरमनला बोलावून तार बंद करून घेतली. घाई आपणच लावली होती, हे त्यांना त्या दिवशीच्या रक्ताने शिकवलं होतं. कापलं गहिनीनाथाने. मुंजाजीचं काम होतं माणसं मागे ठेवणं. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर त्याने चुन्याची रेघ मारली आणि रेघेच्या आत कोणाला पाऊल टाकू दिलं नाही.

"काय मुंजाजी, भिलास बे मशीनला?" उत्तरेश्वरने चिडवलं.

"व्हय, भिलो," मुंजाजी म्हणाला. "तू बी भी. अन् आधी रेघेच्या भाईर व्हो!"

उत्तरेश्वर मुकाट्याने बाहेर झाला.

झाड पडलं ते नेमकं जिथे पडायला हवं तिथे. आप्पारावांनी दोघांना ओसरीवर बोलावलं. चहा आला. कपबशीत. मुंजाजीने बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि त्याला आठवलं की याच बशीसाठी आपण झोप घालवली होती. चहा चांगला होता. पण पायरीवर मिळायचा तसाच होता.

हेवा पुरता गेला, असं मात्र कोणी समजू नये. तो असा जात नाही. गहिनीनाथाचा टोप अजूनही जास्त चकचकीत आहे, हे मुंजाजीला दिसतंच. पण आता सांजच्याला आपली मशीन ओंडक्यावर बसवून, इंजिन थंड आणि बंद असल्याची खात्री करून, तो दगडाबाईला हाक मारतो.

"आगं, टिकली दे."

दगडाबाई कपाळावरची टिकली काढून देते. मुंजाजी दात पुसतो, टिकली लावतो, गोल कानस हातात घेतो. आता त्याचेही ओठ हलतात. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. कुडाच्या फटीतून कोणी बघितलं तर त्याला वाटेल, हा मंत्रच म्हणतोय.

बंधू-भगिनींनो, हत्यार कोणतंही असो, झाड कापायची मशीन, उसाचा चरक, कडबाकुट्टी किंवा घरातली विळी, ते दोरा बघत नाही आणि आपला मानही बघत नाही. ते फक्त त्याची राखलेली निगा ओळखतं. त्याला दिलेला ब्रेक, जाळी, झाकण हे आपल्याला अडवायला नसतं, आपल्याला घरी परत पाठवायला असतं. ते बांधून ठेवू नका, काढून टाकू नका, आणि जो त्याबद्दल सांगायला येईल त्याला हसू नका. आणि दुसऱ्याचा हेवा वाटलाच, तर त्याच्या दारातल्या वस्तूवर थांबू नका. परसात जा, त्याची मेहनत बघा, आणि कुडाला डोळा लावून नव्हे, पुढच्या दाराने जा. हाक मारा, विचारा. बहुतेक वेळा दार उघडंच असतं.

मुंजाजीची टिकली फिरून आली की तो ती काढतो आणि दगडाबाईच्या हातावर ठेवतो. ती कपाळाला लावते. थोडं तेल लागलेलं असतं तिला. दगडाबाई ते पुसत नाही.